झोळीला हात

आमच्या ऑफिसात कौसामावशींचा कॉम्प्युटर सगळ्यांत हळू चालायचा. मशीन चांगलं होतं, मावशीच हळू होत्या. पडद्यावर दहा-बारा सेकंदांचा एक तुकडा लागायचा. खूप उंचावरून घेतलेलं चित्र, त्यात शेतं, एखादी पायवाट, दोन-चार घरं आणि मुंगीएवढी माणसं. त्या माणसांभोवती चौकट ओढायची आणि बाजूच्या यादीतला पर्याय निवडायचा, एवढंच आमचं काम. बैल असेल तर जनावर, टेम्पो असेल तर वाहन, माणूस असेल तर माणूस. आम्ही बाकीचे दोन सेकंदांत चौकट ओढून मोकळे व्हायचो. मावशी मात्र तुकडा संपेपर्यंत बटण दाबायच्या नाहीत. चालणाऱ्या माणसावर बोट ठेवून त्या काचेवरून त्याच्या मागोमाग जायच्या. मी एकदा वैतागून विचारलं, एवढा वेळ काय करत असता? तर म्हणाल्या, "घरी पोचवून येते." माणूस दारात शिरला किंवा चित्राच्या कडेबाहेर गेला की मगच त्या पुढच्याकडे वळायच्या. त्यांच्या पडद्यावर बोटांचे इतके ओघळ असायचे, की दर शनिवारी मला तो ओल्या फडक्यानं पुसावा लागे.

ऑफिस म्हणजे भोरच्या एसटी स्टँडमागे, खताच्या दुकानावरची एक लांबट खोली. बारा कॉम्प्युटर आणि खालून येणारा युरियाचा वास. काम परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचं, पुण्यामार्गे यायचं. दर सोमवारी निखिल सर पुण्याहून येत, दिवसभर बसत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. यंत्राला चित्रं ओळखायला शिकवायचं आहे, शेती, पूर, रस्ते यांच्या पाहणीसाठी, असं आम्हाला सांगितलं होतं. मी तिथं तपासणीला होते. माझं भूगोलात एम.ए., घर भर बाजारपेठेत, वडील कोर्टात कारकून. वरून घेतलेली चित्रं आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतात, असा माझा समज होता आणि तो मी फारसा लपवतही नव्हते.

मावशी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर असलेल्या एका वाडीतल्या. नऊ घरांची वाडी, गाडीरस्ता नाही. सतरा वर्षं त्यांनी आशाताई म्हणून काम केलं. वाड्यावाड्यांतून चालत जायचं, गरोदर बायांची नोंद ठेवायची, पोरांना डोस पाजायचे, आणि वेळ आली की बाळंतिणीला झोळीतून खाली रस्त्यापर्यंत आणायचं. पुढे गुडघे गेले. रोजची चढउतार बंद झाली तेव्हा भाच्यानं बसून करायचं हे काम शोधून दिलं; आठवडाभर त्या भोरात राहायच्या, रविवारपुरत्या वाडीवर जायच्या. मोबाईलवर माहिती भरायची सवय होतीच, त्यामुळे माऊस त्यांनी दोन दिवसांत आपलासा केला. सकाळी आल्या की आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबणानं हात धुवायच्या आणि मग खुर्चीत बसायच्या. शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या संदीपनं एकदा चेष्टा केली की मावशी, कॉम्प्युटरची बाळंतपणं करता का? त्यावर हसल्या, पण दुसऱ्या दिवशीही तसेच हात धुतले.

एका रविवारी त्यांनी मला वाडीवर जेवायला बोलावलं. चढून जाता जाता माझ्या नाकी नऊ आले. त्यांच्या अंगणातून खालचं सगळं खोरं दिसतं, धरणाचं पाणी, भाताची खाचरं, वरंध घाटाकडे जाणारा रस्ता. खाली पायवाटेवर तीन ठिपके हलत होते. मला तीन ठिपके दिसले. मावशींनी सांगितलं, पुढची सुमन, तिच्या डोक्यावरचा हंडा भरलेला आहे, रिकामा असता तर मान वळली असती. मधली तिची सासू, रागावलेली आहे. मागचा पाहुणा आहे, वाट माहीत नाही, म्हणून पाय चाचपून टाकतोय. अर्ध्या तासानं तिघं वर आली. सासू खरोखर रागावलेली होती आणि पाहुणा चिपळूणचा निघाला. मी भूगोलाची एम.ए. गुमान नाचणीची भाकरी खात बसले.

आता तपासणीची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. प्रत्येक तुकडा दोन वेगवेगळ्या माणसांकडे जायचा. दुसरा माणूस आमच्याच खोलीत असेल किंवा दुसऱ्या देशात, ते कळायचं नाही. दोघांचं उत्तर जुळलं तर तुकडा पास. नाही जुळलं तर तपासणीला, म्हणजे माझ्याकडे यायचा. मी म्हणेन ते शेवटचं, आणि ज्याचं उत्तर वेगळं, त्याच्या नावावर एक फरक लागायचा. सोमवारी सर फरकांची यादी भिंतीवर चिकटवायचे. सगळ्यांत जास्त फरक मावशींचे, म्हणून त्यांचं नाव कायम तळाला. खाली शेरा लिहायला एक रकाना होता, तो कुणी भरत नसे आणि वर कुणी वाचतही नसे. मावशी तो मराठीत भरायच्या. एकदा ओळीनं वाकलेल्या आठ-दहा आकृत्या होत्या. माणूस कसा आहे यासाठी यादीत 'उभा', 'चालणारा', 'दबा धरलेला' एवढेच पर्याय. दुसऱ्यानं दबा धरलेला असं लावलं होतं. मावशींनी एकही पर्याय न निवडता लिहिलं होतं, "ही लावणी आहे. बाया वाकल्या आहेत, लपल्या नाहीत." आम्ही त्यावर दोन दिवस हसलो. मीही हसले, आणि 'दबा धरलेला' लावून मोकळी झाले, कारण उभा किंवा चालणारा तर कुणी नव्हतंच.

दिवाळीनंतर चित्रं बदलली. रंग गेले, सगळं करडं झालं. ही उष्णतेची चित्रं, जे गरम ते पांढरं दिसणार, असं सरांनी समजावलं. डोंगर अनोळखी होते, घरं मातीची, सपाट धाब्याची. यादीत दोन पर्याय नवे आले, 'हत्यार असलेला माणूस' आणि 'लांब वस्तू वाहणारा गट'. आमच्याकडून एका कागदावर सह्या घेतल्या की कामाबद्दल बाहेर बोलायचं नाही. कुणी फार विचारलं नाही. पगार वाढला होता.

तो तुकडा माझ्याकडे आला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते आणि अजून पंचवीस-तीस तुकडे उरले होते. डोंगरातली पायवाट. एकामागोमाग सहा-सात माणसं, घाईनं उतरणारी. त्यातल्या दोघांच्या खांद्यावर मिळून एक लांब सरळ वस्तू, पुढचा एक, मागचा एक. दुसऱ्या कुणीतरी 'लांब वस्तू वाहणारा गट' लावलं होतं. मावशींनी नुसतं 'माणूस' लावून शेरा लिहिला होता, आणि तो एवढा मोठा होता की रकान्याबाहेर गेला होता. "ही झोळी आहे. बांबूला घोंगडी बांधली आहे. घोंगडी मधे पांढरी दिसते म्हणजे आत ऊब आहे, जिवंत माणूस आहे. हत्यार गार असतं. एक बाई बाजूनं चालते, तिचा हात झोळीला आहे. बाळंतीण असावी. तुकडा मधेच तुटला, पुढचा दाखवावा."

मी तो शेरा वाचला. अर्धवट नाही, सगळा वाचला. वाचला नव्हता असं म्हणायची सोय मला नाही. झोळी हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला. पण आमच्या घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर, त्यामुळे झोळीतून नेलेलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि मावशींचं नाव दिसलं की त्यांचं चुकलं असणार असं धरून चालायची मला सवय लागली होती. आम्हाला दिलेल्या माहितीपुस्तिकेत दोघांनी वाहिलेल्या लांब वस्तूचं चित्र होतं, ते या चित्रासारखंच दिसत होतं. 'अस्पष्ट' नावाचा एक पर्याय असायचा, पण तो जास्त वापरला की तपासणाऱ्याच्या नावावर फरक लागे. मी 'लांब वस्तू' लावलं आणि पुढच्या तुकड्याकडे गेले.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी आम्ही दुपारी स्टँडसमोरच्या टपरीत चहा पीत होतो. टपरीवाल्याच्या टीव्हीवर बातम्या चालू होत्या. कुठल्यातरी दूरच्या लढाईतलं ड्रोनचं चित्र दाखवत होते. करडा डोंगर, पांढरे ठिपके, ठिपक्यांभोवती चौकट. क्षणभरात सगळा पडदा पांढरा झाला आणि मग तिथं काहीच उरलं नाही. हल्ला अत्यंत अचूक होता, असं सांगणारी निवेदिका खुशीत होती. टपरीवालाही खुशीत होता. मावशींनी कप फळीवर ठेवला.

"वैजू," त्या म्हणाल्या, "ती चौकट आपली हाय."

तसं काही नसेल, चौकटी सगळ्या सारख्याच असतात, असं मी म्हणाले. पण चौकटीच्या कोपऱ्यात ती बारीक आडवी खूण होती, जी आम्ही दिवसाला शेकडो वेळा पाहत होतो.

ऑफिसात परत आल्यावर संदीपशी वाद झाला. संदीप मार्गासनीचा, त्याचा थोरला भाऊ सैन्यात. त्याचं म्हणणं सरळ होतं आणि ते खोटं नव्हतं. पूर्वी एक टेकडी घ्यायला पन्नास पोरं पाठवायची आणि वीस परत यायची. आता वरून बघून, खात्री करून मारता येतं, आपला एकही जात नाही. बॉम्ब टाकून आख्खं गाव जाळण्यापेक्षा एक माणूस हेरून मारलेला काय वाईट? त्याचा आवाज चढला होता, कारण तो भावाबद्दल बोलत होता.

मावशींनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "तुजा भाऊ घरी आला पायजे, संदीप. म्या त्याला पोलिओचा डोस पाजलाय, वेल्ह्याला बहिणीकडं आस्ताना. पन खात्री करून मारत्यात म्हनतोस, ती खात्री कोन करतं? म्या करते, तू करतोस, ही वैजू करते. त्यांचा नेम न्हाई चुकत. कुनावर धरायचा, त्ये आपन चुकतो."

संदीपनं खुर्ची पडद्याकडे वळवली. त्याला ते पटलं की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या सोमवारी मावशी सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. राजीनामा देतील, भांडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एकच मागितलं. दिवाळीनंतरचा तो झोळीचा तुकडा, त्याच्या पुढचा भाग दाखवा. सरांनी समजुतीनं सांगितलं की तुकडे आपल्याकडे राहत नाहीत, कुठून येतात आणि कुठं जातात हे मलाही कळत नाही, आणि आपण तर फक्त यंत्राला शिकवतो, कुणाला मारायचं ते ठरवत नाही. सर वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच तेवढंच माहीत होतं. मावशींनी मान डोलावली आणि जागेवर येऊन बसल्या.

त्या दिवसापासून त्या आणखी हळू झाल्या. जेवणाच्या सुट्टीतही उठेनात. पडद्यावर डोंगर आला की वाकून, चष्मा काचेला टेकेपर्यंत पाहायच्या. मला वाटलं, मन लागत नसेल. तीन आठवड्यांनी मला उमगलं की त्या वाट बघतायत. इतके तुकडे येतात, त्यात कधीतरी त्या पायवाटेचा पुढचा तुकडा येईल, तो आपल्याकडे येईल, आणि ती बाई रस्त्याला लागलेली दिसेल. मला एकदा हळूच म्हणाल्या, "पोचली आसंल का गं ती?" मी नको तेवढ्या घाईनं हो म्हणाले.

महिनाअखेरीस फरकांच्या यादीवर बोट ठेवून सरांनी त्यांना कामावरून कमी केलं. यादीतले बहुतेक फरक मीच लावलेले होते. जाताना त्यांनी मोरीत हात धुतले, साबणाची आपली वडी पिशवीत टाकली आणि चारच्या गाडीनं गेल्या.

मीही त्यानंतर वर्षभर टिकले नाही. पुढच्या माघात काम सोडलं आणि एका शाळेत लागले. सोडल्यावर पहिल्या रविवारी वाडीवर गेले. जाताना सगळी वाक्यं मनात रचून ठेवली होती, ती त्यांच्या अंगणात एकही आठवेना. शेवटी नुसतं म्हणाले, की मावशी, तो झोळीचा तुकडा तपासणीला माझ्याकडेच आला होता.

त्या नाचणी पाखडत होत्या. सूप थांबलं.

"म्या लिवलं हुतं त्यात."

"वाचलं होतं मी."

"समदं?"

"सगळं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग विचारलं, "न्हाई ठावं, असं म्हनायचं बटन न्हवतं का तितं?"

"होतं."

त्या उठल्या, चूल पेटवली, मला चहा दिला. मला माफ केलं का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मला झालं नाही. रडू मात्र आवरेना. निघताना त्या उतरणीपर्यंत सोडायला आल्या. गुडघे धरत, एका हातानं कुंपणाचा आधार घेत आल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या ऐतवारी ये. झोळी कशी बांदत्यात त्ये दावते."

मी गेले. त्यांनी खरोखरच जुना बांबू काढला, घोंगडी पसरली आणि गाठ शिकवली. मला झोळीत झोपवून शेजारच्या दोघांकडून अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या. आत आभाळ तेवढं दिसतं, बाकी काही नाही, आणि प्रत्येक हेलकाव्याला वाटतं की आपण आता पडणार. अशात बाहेरून कुणाचा तरी हात पाठीला लागला. मावशी बाजूनं चालत होत्या. उचलणाऱ्याला या हाताचा काही उपयोग नसतो, असं त्यांनी नंतर सांगितलं. तो आतल्या माणसासाठी असतो. रस्ता येईपर्यंत तो काढायचा नाही. त्यानंतर मी बहुतेक रविवारी जात राहिले.

गेल्या भाद्रपदात, गणपती गेल्यावर, सकाळी आठला त्यांच्या भाच्याचा फोन आला. मावशींच्या छातीत दुखतंय, घाम फुटलाय, भोरहून ॲम्ब्युलन्स घेऊन हिर्डोशीच्या वर रस्त्याला थांबा, आम्ही झोळीतून आणतो. मी गाडी घेऊन गेले. रस्त्याला थांबवेना, म्हणून ड्रायव्हरला तिथंच ठेवून चढायला लागले. पाऊस भुरभुरत होता. अर्ध्या वाटेवर झोळी भेटली. चौघं आलटून पालटून खांदा देत होते, भाचा पुढं होता. वरून निळा प्लास्टिकचा कागद टाकला होता. बाजूला कुणी नव्हतं, वाडीत आता चालणारी बाईमाणसं दोनच उरली होती आणि दोघीही म्हाताऱ्या. मी बाजूला झाले आणि घोंगडीखाली हात दिला. आतून ऊब लागली.

"कोन, वैजू?" आतून आवाज आला.

मी हो म्हणाले. आम्ही उतरत राहिलो. थोड्या वेळानं वर कुठंतरी घोंघावल्यासारखा आवाज यायला लागला. पावसाळ्यात घाटातले धबधबे बघायला पुण्याची पोरं येतात, त्यांच्याकडे ड्रोन असतात. त्यातलाच एक आमच्या डोक्यावरून चालला होता. झोळी उचलणाऱ्या पोरांनी वर पाहिलंही नाही. झोळी मात्र आतून हलली.

"कागद काडा," मावशी म्हणाल्या. भाचा म्हणाला, भिजशील. "भिजू दे. तोंड उगडं करा माजं. वरून बगनाऱ्याला कळू दे, आत मानूस हाय."

मी कागद बाजूला केला. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, त्यावर पाऊस पडत होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत. उजवा हात कसाबसा बाहेर काढून आभाळाकडे पंजा उघडा धरला आणि आवाज डोंगराआड जाईपर्यंत तसाच ठेवला. मग तो हात खाली आला आणि माझं मनगट चाचपायला लागला.

"पोचली का गं ती?"

कोण, असं मी विचारलं नाही. "पोचली, मावशी."

"तू बगितलंस?"

किती सोपं होतं हो म्हणणं. मरणाऱ्या माणसाला कोण खरं सांगतं? पण मला त्यांच्यापाशी आणखी एकदा न बघितलेलं सांगवेना. मी म्हणाले, "नाही. नाही बघितलं."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते झोळीच्या हेलकाव्यात कळलं नाही. माझं मनगट थोडं दाबलं. नंतर त्या बोलल्या नाहीत.

खाली वळणावर पांढरी गाडी दिसायला लागली तेव्हा मनगटावरची बोटं सैल झालेली होती. घोंगडी भिजली आहे म्हणून गार लागतेय, असं मी स्वतःला सांगत होते. भाच्यानं मागं वळून माझ्याकडे पाहिलं, मी नजर खाली घातली. पोरं थांबली नाहीत. उतार संपला, डांबर लागलं, ड्रायव्हरनं गाडीचं मागचं दार उघडलं. झोळी खाली टेकली आणि बांबू निघाला, तेव्हा मी हात काढला.